पेरूमधील बारा दिवस: इंकांचा वारसा आणि चार दिवसांची डोंगरवाट

गड पाहण्याची सवय असलेला माणूस माथ्यावर पोहोचला की आधी पाण्याची टाकी शोधतो, मग वाट कुठून वर आली ते पाहतो, आणि वाडे, कोठारे, देवळे त्यानंतर. पेरू देशातील ज्या सहलीबद्दल मी लिहीत आहे ती मला मनापासून आवडली, याचे पहिले कारण हे की आमच्या मार्गदर्शकांनी इंकांची, म्हणजे तिथल्या जुन्या साम्राज्याच्या लोकांची, सगळी ठिकाणे आम्हांला याच क्रमाने दाखवली. पाणी कुठून आणले, माणसे कुठून आली आणि दगड कुठून उचलला, हे तीन प्रश्न ते प्रत्येक ठिकाणी विचारायला लावत असत, आणि राजाराण्यांच्या गोष्टींकडे त्यानंतर वळत.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पुण्याचे चौघे, म्हणजे मी, माझी पत्नी, माझा मेव्हणा आणि त्याची पत्नी, बारा जणांच्या गटातून ही सहल करून आलो. पहिले दोन दिवस लिमा, मग दोन दिवस इंकांची जुनी राजधानी कुस्को, दोन दिवस उरुबाम्बा नदीचे खोरे, चार दिवस इंकांच्या जुन्या दगडी वाटेने माचू पिक्चू या त्यांच्या डोंगरावरच्या नगरापर्यंतची पायपीट, एक दिवस विश्रांती आणि शेवटचा दिवस परतीचा, अशी आखणी होती. विमानभाडे सोडून माणशी सुमारे अडीच लाख रुपये लागले. त्यात निवास, देशांतर्गत प्रवास, वाटेचे परवाने, तंबू, स्वयंपाकी आणि भारवाहक यांचा खर्च धरलेला होता. लिमा-कुस्कोमधील जेवणे आणि स्लीपिंग बॅगचे भाडे वेगळे होते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जवळपास अशाच आखणीच्या सहली अनेक कंपन्या देतात आणि माझे म्हणणे या आखणीबद्दलच अधिक आहे.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. पेरूहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि ती लस किमान दहा दिवस आधी, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच घ्यावी लागते. कंपनीने पाठवलेल्या पंधरा पानी माहितीपत्रकात बुटांच्या तळव्यांपर्यंत सर्व काही होते, पण हे नव्हते. मेव्हण्याच्या पत्नीला एका सहकाऱ्याकडून ते वेळेवर कळले म्हणून आम्ही वाचलो. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीबाबत प्रवाशाने योगायोगावर अवलंबून राहावे, हे मला गैर वाटले आणि मी तसे कंपनीला लेखी कळवले आहे.

लिमामधील दोन दिवसांत वाका पुक्याना हा भर वस्तीतला कच्च्या विटांचा पिरॅमिड आणि लार्को संग्रहालय एवढेच पाहण्यासारखे होते, पण ते आखणीत ठेवले हे योग्यच झाले. हा पिरॅमिड इंकांच्या कित्येक शतके आधीचा आहे. इंकांचे साम्राज्य खऱ्या अर्थाने पसरले ते पंधराव्या शतकात आणि १५३२ मध्ये स्पॅनिश आल्यानंतर ते कोसळले. म्हणजे जेमतेम शंभर वर्षांचा हा पसारा त्याआधीच्या कितीतरी लोकांच्या शेतीवर, विणकामावर आणि बांधकामावर उभा होता, ही जाणीव सुरुवातीलाच झाली तर पुढचे सर्व नीट समजते. लार्को संग्रहालयात किपू आहेत, म्हणजे गाठी मारून हिशेब ठेवण्याच्या दोऱ्या. लिपी नसलेल्या राज्याचा कारभार त्या दोऱ्यांवर चालत असे.

आखणीतला सर्वांत मोठा दोष तिसऱ्या दिवशी समोर आला. लिमा समुद्राकाठी आहे आणि कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. विमानाने सव्वा तासात एवढे वर नेऊन तिथेच दोन रात्री मुक्काम ठेवला होता, आणि छापील कार्यक्रमानुसार त्याच दुपारी साक्सायवामानचा आणखी उंचावरचा कोट चढून पाहायचा होता. बाराजणांपैकी सात जणांचे डोके संध्याकाळपर्यंत ठणकत होते आणि माझ्या पत्नीच्या पोटात अन्न ठरत नव्हते. मार्गदर्शकांनी परिस्थिती पाहून तो चढ दुसऱ्या दिवशी दुपारवर ढकलला, सर्वांना कोकाच्या पानांचा चहा पाजला आणि सक्तीने झोपवले, म्हणून निभावले. खरे तर विमानतळावरून थेट खाली उरुबाम्बाच्या खोऱ्यात उतरावे, जिथे ओयान्तायताम्बो गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढून मग कुस्कोला यावे. ठिकाणे तीच, खर्च तोच, केवळ क्रम बदलायचा आहे. तो का बदलत नाहीत, याचे पटणारे उत्तर मला मिळाले नाही.

कुस्कोच्या भिंतींबद्दल मात्र लिहावे तितके थोडे आहे. आपल्याकडे हेमाडपंती देवळांत चुन्यावाचून दगडावर दगड बसवलेला आपण पाहतो, त्यामुळे कोरड्या सांध्यांचे नवल मला फारसे वाटणार नाही असा माझा समज होता. तो हातून रुमियोक या गल्लीत संपला. तिथल्या भिंतीत बारा कोनांचा एक हिरवट दगड आहे आणि त्याच्या प्रत्येक कोनात शेजारचा दगड तंतोतंत बसला आहे. मी वाकून सांध्याजवळ डोळा नेला, तेव्हा दोन दगडांमध्ये केसाएवढी काळी रेघ होती आणि ती कुठेही रुंद होत नव्हती. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी आपला मठ बांधला. १९५० च्या भूकंपात वरच्या मठाची मोठी पडझड झाली, आणि खालच्या इंका भिंती जागच्या जागी राहिल्या. आत किंचित कललेल्या भिंती आणि वर निमुळते होत जाणारे दरवाजे या टिकावामागे आहेत, हे मार्गदर्शकांनी वहीत रेघा मारून समजावले.

खोऱ्यात पिसाक, मारास, मोराय आणि ओयान्तायताम्बो अशी चार ठिकाणे होती. मारासची डोंगरउतारावरची मिठागरे इंकांच्याही आधीपासून चालत आलेली आहेत आणि आजही स्थानिक कुटुंबेच ती चालवतात. मोरायला जमिनीत खोल उतरत जाणारी गोल पायऱ्यांची शेते आहेत. तिथे पिकांचे प्रयोग होत असत असे सर्रास सांगितले जाते. आमच्या मार्गदर्शकांनी मात्र स्पष्ट सांगितले की हा एक तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. त्यांचे असे बोलणे मला फार मोलाचे वाटले, कारण ठाम सांगितले की पर्यटक खूश होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पिसाकच्या उतारावर त्यांनी आम्हांला शेतांच्या दगडी ताली दाखवल्या. खाली मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि सर्वांत वर दुरून वाहून आणलेली माती, अशा थरांमुळे पाऊस कितीही पडला तरी ताल फुटत नाही. कोकणात मजगीची भाताची खाचरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही मेहनत वेगळी सांगायला नको.

सातव्या दिवशी सकाळी रेल्वेमार्गाच्या ८२ व्या किलोमीटरपाशी पायवाट सुरू झाली. या वाटेवर परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. दिवसाला मार्गदर्शक, भारवाहक आणि पर्यटक मिळून ५०० माणसांनाच सोडतात. नाक्यावर आमचे पासपोर्ट परवान्याशी ताडून पाहिले आणि त्यानंतर भारवाहकांची ओझी काट्यावर चढली. कायद्याने एका भारवाहकाच्या पाठीवर २० किलोंची मर्यादा आहे. आमच्यातील एका वयस्क भारवाहकाचे बोचके किलोभर जास्त भरले, तेव्हा तपासनिसाने त्याला बाजूला घेतले, त्याने गाठोडे सोडून एक पातेले आणि दोन तंबूखुंट्यांच्या पिशव्या काढल्या, दुसऱ्याला दिल्या आणि पुन्हा काट्यावर उभा राहिला. त्याच्या पायांत गाडीच्या टायरच्या रबराच्या चपला होत्या आणि टाचा भेगाळलेल्या होत्या. पुढचे चार दिवस ही माणसे आमच्यामागून निघून आमच्याआधी पोहोचत असत.

दुसरा दिवस सर्वांत कठीण. वाय्याबाम्बाच्या सुमारे ३,००० मीटरवरून एका दमात ४,२१५ मीटरची खिंड गाठायची असते, जिचे इंकांच्या केचुआ भाषेतील नाव ‘मेलेली बाई’ या अर्थाचे आहे. खालून पाहिले तर डोंगरधार खरोखरच उताण्या पडलेल्या स्त्रीसारखी दिसते. कळसूबाईच्या माथ्याच्या अडीचपट उंचीवर ही खिंड आहे, त्यामुळे सह्याद्रीत दर रविवारी भटकणाऱ्याचे पाय चालतील, पण छाती चालेलच असे नाही. आमच्या मार्गदर्शकांनी पहिल्या तासापासून गटाला इतके हळू चालवले की सुरुवातीला त्याचा कंटाळा आला. शेवटच्या तासात मात्र इतर गटांतील जवान मुले वीस-वीस पावलांवर बसत होती आणि आमच्या गटातील बासष्ट वर्षांच्या बाई न थांबता वर पोहोचल्या. उताराला मात्र गुडघ्यांची परीक्षा असते, कारण इंकांकडे चाक आणि घोडा नव्हता, माणूस आणि लामा हा उंटाच्या कुळातला ओझ्याचा प्राणी एवढेच या वाटांनी जात, आणि म्हणून डोंगर आला की वळसा घेण्याऐवजी त्यांनी सरळ पायऱ्या घातल्या. अशा वाटांचे एकूण जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरचे असून २०१४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे.

त्या रात्री पाकायमायोच्या तळावर जेवणानंतर मार्गदर्शकांनी दिवे विझवायला लावले. आपल्याकडे मे महिन्यात दक्षिण क्षितिजाला टेकलेला त्रिशंकू हा तारकासमूह तिथे चांगला वर चढलेला होता आणि त्याच्या बाजूला मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे होते. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत इंका लोक प्राण्यांचे आकार पाहत असत, आणि हे दोन तारे म्हणजे त्यांच्या लामाचे डोळे. तारे जोडून आकृती पाहायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना अंधारातली आकृती दिसायला दहा मिनिटे लागली, आणि एकदा दिसल्यावर तो लामा नाहीसा होईना.

तिसऱ्या दिवशी रुंकुराकाय, सायाक्मार्का आणि पुयुपातामार्का ही तीन ठिकाणे ओलांडून विन्याय वायनापर्यंत उतरलो. माझ्या मते संपूर्ण सहलीत सर्वांत सुंदर जागा हीच. उताराला वळण घेत गेलेल्या शेतांच्या मधून एक जिना उतरतो आणि जिन्याच्या कडेने एकाखाली एक दगडी कुंडे आहेत, ज्यांच्यातून पाणी अजून वाहते. संध्याकाळी तिथे आमच्यावाचून चारपाचच माणसे होती.

चौथ्या दिवशी पहाटे इंती पुंकू, म्हणजे सूर्याच्या दारात, उभे राहिलो तेव्हा धुके होते. ते विरळ झाल्यावर आधी बसगाड्यांचा नागमोडी रस्ता दिसला आणि मग हळूहळू माचू पिक्चू. येल विद्यापीठाचे अमेरिकी संशोधक हिरम बिंगहॅम १९११ मध्ये येथे आले तेव्हा स्थानिक शेतकरी याच पायऱ्यांवर शेती करत होते, त्यामुळे ‘शोध लागला’ हा शब्द आमचे मार्गदर्शक वापरत नाहीत. डोंगराच्या झऱ्यापासून काढलेला पाट आणि त्यावरची सोळा कुंडांची रांग त्यांनी वरूनच बोटाने आखून दाखवली. पहिले कुंड राजाच्या निवासाजवळ आहे. एवढे समजले आणि घड्याळ आड आले. कंपनीने परतीची रेल्वे दुपारची काढली होती, त्यामुळे जिच्यासाठी चार दिवस चाललो त्या जागी दोन तासही मिळाले नाहीत. संध्याकाळच्या गाडीची तिकिटे काढली असती तर हे टळले असते.

दुसरी तक्रार बक्षिसीची. भारवाहक आणि स्वयंपाकी यांना शेवटच्या संध्याकाळी गटाने रोख रक्कम द्यायची रीत आहे आणि ती रास्तच आहे. पण हे आम्हांला आदल्या रात्री तंबूत कळले. ज्यांच्याजवळ पुरेसे स्थानिक चलन नव्हते त्यांना फार संकोच झाला, आणि त्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला कमी आले असते तर त्याचा दोष कंपनीचाच ठरला असता.

जेवणाबद्दल आपल्याकडच्या वाचकांना काळजी असते, म्हणून सांगतो. शाकाहारी असल्याचे आधी कळवले तर किन्वा या तिथल्या धान्याचे सूप, मका, घेवडा, भात, चीज आणि बटाट्याचे नाना प्रकार पोटभर मिळतात. बटाट्याचे मूळ घरच ते. कांदा, लसूण आणि कंद वर्ज्य असणाऱ्यांना मात्र वाटेवर खरी अडचण येईल, त्यांनी कोरडा शिधा बरोबर न्यावा.

विश्रांतीच्या दिवशी आम्ही कुस्कोमधील कासा कोंचा संग्रहालय स्वतःहून पाहिले. माचू पिक्चूहून येल विद्यापीठात गेलेल्या आणि शंभर वर्षांनी परत आलेल्या वस्तू तिथे आहेत. ते या सहलीच्या कार्यक्रमात नाही, आणि असायला हवे.

मेव्हण्याच्या मुलीला पुढच्या वर्षी जायचे आहे. तिला मी हीच सहल घ्यायला सांगितले आहे आणि पैसे भरण्याआधी खोरे आधी, कुस्को नंतर आणि परतीची गाडी संध्याकाळची, हे कंपनीकडून लिहून घ्यायला सांगितले आहे. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते आणि मे-जूनचे परवाने कित्येक महिने आधी संपतात, तेव्हा तिने दिवाळीच्या आतच नाव नोंदवावे, आणि जमल्यास आमच्याच मार्गदर्शकांची मागणी करावी.