तिसरी कपबशी गायब करणारं अपडेट

गोष्टी ऐकवणाऱ्या या ॲपची वर्षाची वर्गणी भरली तेव्हा घरच्यांनी लगेच हिशोब मांडला, एवढ्यात युरियाच्या चार गोण्या आल्या असत्या. (45 किलोची गोणी, 266 रुपये 50 पैसे.) म्हणजे पैसे वसूल करणं आलंच. पोळ्यापासून ऐकतो आहे, आता तूर सोंगायला आली.

ॲप कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सरळ त्यावरच्या भयमालिकेवर येतो. किंकाळ्या नाहीत, संगीत जवळपास नाहीच. तिसऱ्या भागात म्हातारं जोडपं चहा घेतं. घरात दोघंच. म्हातारी कपबश्या मांडते. एक डावीकडे, एक समोर. म्हाताऱ्याला खोकला येतो आणि त्या खोकल्याखाली तिसरी बशी टेकते, आपल्या उजव्या कानाच्या जरा मागे. पुढे चहाही तीनदा ओतला जातो. त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू.

असं रेकॉर्डिंग माणसाच्या डोक्याएवढ्या पुतळ्याच्या दोन्ही कानांत माइक बसवून करतात. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर 0.6-0.7 मिलिसेकंद उशिरा आणि थोडा बारीक पोचतो, दिशा कळते ती त्यावरूनच. म्हणून इअरफोन हवाच. मोबाइलच्या स्पीकरवर ही मालिका म्हणजे शेजारच्यांच्या गप्पा.

दिवाळीनंतर अपडेट आलं आणि तिसरी बशी गेली! तोच भाग, तोच दीडशे रुपयांचा वायरचा इअरफोन, पण खोकला आहे, बशी नाही. कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, कॅशे क्लिअर करा. केलं. मग म्हणे इअरफोन बदला. का म्हणून? शेवटी सेटिंगमध्ये सापडलं, न विचारता ‘डेटा बचत’ चालू करून ठेवली होती. कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी डेटा लागावा म्हणून, फाइल आवळताना मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज आधी उडवतात. गाण्यात ते खपून जातं. इथे सगळी भीतीच त्या बारीक आवाजात, आणि बचत किती? 128 केबीपीएसला तासाला साधारण 58 एमबी लागतात, 32 ला 14-15. रोजच्या दीड जीबीतले चाळीसेक एमबी वाचवून माझ्या चार गोण्या पाण्यात! आता तालुक्याला गेलो की मोठ्या क्वालिटीत भाग उतरवून आणतो. गावात रेंजचा भरवसा नाही.

आधी वाटलं होतं रात्री शेत राखताना, जागलीला, याच्यासारखी सोबत नाही. ते मत बदललं. माळ्यावर दोन्ही कान बंद करून बसलो अन् मोठेबाबा खालून ओरडले, “डुकरं तूर खाऊन राह्यले अन् तू कानात बोंडं घालून बसला काय बे?” एक कान मोकळा ठेवला तर बशी कुठे टेकली ते कळत नाही. रात्रपाळीची लाइन असली की ओलिताला मोटारीचा आवाज. आमच्याकडून टिपेश्वरचं जंगल लांब नाही, वाघाच्या पावलांची बातमी आली की भुताला कोण विचारतो. तेव्हा घरीच ऐका, रात्री, पंखा बंद करून. थंडीत ते जमतं.

कथेबद्दल थोडक्यात. सहाव्या भागापर्यंत कसलेले कलाकार, म्हातारी तर लाजवाब. सातव्यात मांत्रिक आणला आणि तिसरा कप कोणाचा ते त्याच्या तोंडून सांगून टाकलं. माती केली. शेवटचे दोन भाग पुन्हा बरे आहेत.

सध्या तीन स्टार. दर अपडेटनंतर ती सेटिंग पुन्हा आपोआप चालू होते, तेवढं बंद करा, चौथा लगेच देतो.