दंडावरचा शुगर सेन्सर, आईचे १४ दिवस

आईला टाइप टू डायबिटीस आहे, बोट टोचून टोचून वैतागली होती म्हणून दंडाला चिकटवायचा तो १४ दिवसांचा सेन्सर घेतला, लावताना एवढंसं टुचकन होतं बाकी काही नाही, आंघोळ पण चालते. दर काही मिनिटांनी मोबाईलवर आकडा येतो.

रात्री ३ ला ११८ आणि सकाळी ७ ला, चहासुद्धा व्हायचा होता, तर १५२! आई म्हणे "अगं शप्पथ, मी काही खाल्लं नाहीये". म्हटलं तुझ्यावर कोण संशय घेतंय, ही करामत लिव्हरची. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन ही हॉर्मोन्स वाढतात, लिव्हरला साखर सोडायला लावणारं ग्लुकागॉन असतंच, मग लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. डायबिटीस नसलेल्याचं इन्सुलिन हे सांभाळून घेतं, हिचं पुरत नाही. उपाशीपोटी शुगर चढते हे आम्हाला आधी पटतच नव्हतं. पोह्यांनंतर तर २१०, दुसऱ्या दिवशी तेवढेच पोहे खाऊन २० मिनिटं गच्चीवर फेऱ्या मारल्या तर १७५ वर थांबली, पैसे तिथेच वसूल.

आता तक्रारी. सेन्सरच्या कुशीवर झोपली की दाबामुळे खोटाच लो दाखवतो आणि अलार्म कोकलतो, दोनदा मी साखर घेऊन धावले, बोट टोचलं तर ९६. शिवाय हा थेट रक्त नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणजे आकडा रक्तातल्या साखरेपेक्षा वेळेने थोडा मागेच असतो. दुसरा सेन्सर ११ व्या दिवशीच बंद पडला, कस्टमर केअरने चार वेळा फोटो मागवले, बदली अजून आली नाही. एक स्टार तिथे कापला.