विमानातून सूक्ष्मकणांचे रसायन मोजताना: फिल्टर, एएमएस की एकेका कणाचे विश्लेषण?

हवेतील सूक्ष्मकण कशाचे बनले आहेत, हे विमानातून मोजायचे ठरले की निवड प्रामुख्याने तीन पद्धतींमधून करावी लागते: कण फिल्टरवर किंवा पाण्यात गोळा करून आयन क्रोमॅटोग्राफीने (द्रावणातील आयन वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) तपासणे, एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर (एएमएस) वापरणे, किंवा एकेका कणावर लेझरचा स्पंद सोडून त्यातील आयन मोजणे. उपकरणांची संवेदनशीलता ताडून पाहण्याआधी एक साधा हिशेब करावा. सेकंदाला 150 मीटर वेगाने जाणारे विमान पाच मिनिटांत 45 किलोमीटर अंतर कापते. तेवढ्या वेळात ते सेकंदाला 5 मीटर या दराने वर चढत असेल, तर दीड किलोमीटर जाडीचा हवेचा थर एकाच नमुन्यात मिसळून जातो.

फिल्टरची मर्यादा इथेच आहे. स्वच्छ हवेत पुरेसे द्रव्य जमण्यास कित्येक मिनिटे लागतात, आणि धुराचा अरुंद पट्टा त्या सरासरीत हरवतो. वाफेच्या साहाय्याने कणांचे थेंब करून ते द्रवात उतरवणारे पिल्स हे उपकरण उड्डाणातच विश्लेषण करू शकते; तरीही त्याचा प्रतिसाद मिनिटांच्या पटीतच असतो आणि त्याला फक्त पाण्यात विरघळणारे घटक कळतात. फिल्टरवरून अमोनियम नायट्रेटसारखे बाष्पनशील घटक उडून जाण्याचा, तसेच वायू चिकटून राहण्याचा धोका असतो. असे असूनही ही पद्धत कालबाह्य मानणे चूक ठरेल, कारण सोडियम, कॅल्शियम यांसारखे आयन ती थेट मोजते आणि नमुना प्रयोगशाळेत पुन्हा तपासता येतो.

एएमएसमध्ये वायुगतिक भिंगातून (कणांचा बारीक झोत करणाऱ्या नळीतून) आलेले कण सुमारे 600 अंश सेल्सियस तापमानाच्या पृष्ठभागावर आदळून वाफ होतात आणि त्या वाफेचे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयनीकरण होते. सेंद्रिय द्रव्य, सल्फेट, नायट्रेट, अमोनियम आणि क्लोराइड यांचे वस्तुमान त्यातून काही सेकंदांत मिळते. धुराचे लोट किंवा शहराबाहेर पसरणारे प्रदूषण अभ्यासायचे असेल, तर एवढा वेग निर्णायक ठरतो. मात्र नेहमीच्या भिंगातून एक मायक्रोमीटरहून मोठे कण फारसे आत येत नाहीत, आणि खनिज धूळ, समुद्री मीठ व काळा कार्बन या तापमानाला नीट वाफ होत नाहीत. काही कण पृष्ठभागावरून उसळून परततात आणि मोजले जात नाहीत, त्यासाठी संकलन-क्षमतेची (प्रत्यक्ष मोजल्या गेलेल्या कणांच्या वाट्याची) दुरुस्ती करावी लागते. सेंद्रिय द्रव्य किती ऑक्सिडीकृत आहे हे एएमएस सांगते, पण त्यातील रेणू कोणते, हे सहसा सांगत नाही. काळ्या कार्बनसाठी लेझरने कण तापवून त्याची प्रभा मोजणारे एसपी2 सोबत ठेवणेच बरे.

एकेक कण तपासणाऱ्या पाल्म्ससारख्या उपकरणात धूळ, मीठ, काजळी, धातू सगळे दिसते आणि कोणता घटक कोणत्या कणात मिसळला आहे, हेही कळते. ढगांची बीजे किंवा धुळीचा उगम हा प्रश्न असेल, तर याला तोड नाही. पण आयनांचा संकेत कणाच्या घडणीनुसार बदलत असल्याने त्यातून वस्तुमान काढणे अवघड असते. कणांच्या आकार-वितरणाच्या स्वतंत्र मोजणीशी जोड घातल्यावरच विश्वासार्ह आकडे मिळतात. 2016 ते 2018 दरम्यान पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांवरून डीसी-8 विमानाने केलेल्या नासाच्या ॲटम मोहिमेत एएमएस, पाल्म्स आणि फिल्टर एकत्र होते.

एकाच उपकरणाला जागा असेल आणि प्रश्न प्रदूषणातील सल्फेट किंवा सेंद्रिय द्रव्याचा असेल, तर माझा कौल एएमएसला आहे, मग त्याचे वजन आणि त्याला लागणारी वीज कितीही गैरसोयीची वाटो. धूळ किंवा समुद्री मीठ हा विषय असेल, तर एएमएस घेऊच नये; वस्तुमान हवे असल्यास फिल्टर आणि कणांची मिसळण हवी असल्यास पाल्म्ससारखे उपकरण घ्यावे.

निवड कोणतीही असली, तरी खर्चाचा काही भाग हवा आत घेणाऱ्या नळीसाठी राखून ठेवावा लागतो. वेगाने येणारी हवा नळीत मंदावताना तापते, त्यामुळे बाष्पनशील घटक उडू शकतात आणि मोठे कण वळणांवर भिंतींना चिकटतात. ढगात तर थेंब नळीच्या तोंडावर फुटून भलतेच कण तयार करतात. तेथील मोजमापे वगळावी लागतात, किंवा थेंब वेगळे करणारी प्रतिप्रवाही नळी बसवावी लागते.