पाऊण लाखाचं एक युनिट : पोर्टेबल पॉवर स्टेशन, दोन पावसाळ्यांनंतर

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे मूठ धरून उचलता येणारा, बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला डबा. आमच्या डब्यावर १०२४ वॉट-अवर लिहिलंय, ते नेमकं किती, हे दुकानात कोणी सांगत नाही. वीजबिलावर जे 'युनिट' छापलेलं असतं, ते एक. म्हणजे दहा-बारा रुपयांची वीज साठवून ठेवायला आम्ही पाऊण लाखाच्या आतबाहेर मोजले. हा हिशेब बायकोने डबा घरात आला त्याच दिवशी तोंडी केला आणि तेव्हापासून या यंत्राचं घरातलं नाव 'युनिट' पडलं. "युनिट चार्जिंगला लावलंत का?" असं विचारते.

ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. या मापाची, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची, १८०० वॉटची यंत्रं आता बऱ्याच जणांची मिळतात आणि खाली जे लिहितोय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडेल. स्पेसिफिकेशन तुम्ही बघितलेली असणारच, ती परत उगाळत नाही.

घर दापोली तालुक्यात, समुद्राकडच्या बाजूला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते. त्यानंतर गावात ज्याने त्याने इन्व्हर्टर बसवले, आम्हीही बसवला. १५० एएचची ट्यूब्युलर (म्हणजे लेड-अ‍ॅसिडची) बॅटरी, कागदावर १८०० वॉट-अवर, म्हणजे या डब्याच्या पावणेदोन पट, आणि किंमत त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. रोजच्या तास-दोन तासांच्या लाईट जाण्याला याहून शहाणा उपाय नाही, हे आजही म्हणतो. गोची होते ती झाड पडून तारा तुटल्या आणि दोन-तीन दिवस गेले की. बॅटरी पहिल्याच रात्री बसते आणि मग तशीच रिकामी पडून राहते. लेड-अ‍ॅसिड रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. आमची पहिली बॅटरी अशीच अकाली गेली. ती पन्नास-साठ किलोची धोंड उचलून कुठे चार्ज करून आणणार? हे युनिट बारा-तेरा किलोचं आहे, वर मूठ आहे, एका हाताने गाडीत ठेवता येतं. एवढ्या एका कारणासाठी घेतलं.

आता माझं मुख्य दुखणं. हे यंत्र स्वतः खातं.

एसीचं, म्हणजे घरातल्यासारखी साधी सॉकेटं चालू करण्याचं, बटण दाबलं की आतला इन्व्हर्टर जागा होतो आणि तुम्ही काही लावा न लावा, तो स्वतःपुरते पंधरा वॉट घेत बसतो. डिस्प्लेवर हे कुठेच दिसत नाही, तिथे ऐटीत शून्य वॉट. मला ते कळलं कारण रात्री एसी चालू राहिलं होतं, काहीही लावलेलं नव्हतं, आणि सकाळी दहा-बारा टक्के गायब. मग मी प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर आणून मागेच लागलो. पंखा, फ्रिज असं काही चालू असेल तर पंधरा वॉट खपून जातात. पण लाईट गेल्यावर घरात रात्रभर खरं काय लागतं? राउटर. आमचं राउटर दहा वॉटचं. म्हणजे पंगतीत जेवणाऱ्याने दहा घास खायचे आणि वाढप्याने पंधरा! १०२४ भागिले दहा करून तुम्ही शंभर तासांचं स्वप्न बघता आणि दीड दिवसात डबा आडवा होतो. कंपनीच्या पानावर मात्र राउटरचं चित्र काढून शेजारी नव्वदच्या पुढचा आकडा छापलाय. कुठल्या गणिताने आला तो आकडा, हे मी ईमेलवर विचारलं. "युअर क्वेरी इज इम्पॉर्टंट टू अस" असं उत्तर आलं.

यावर त्यांचा इलाज म्हणजे 'इको मोड'. लोड कमी असेल तर काही वेळाने एसी आपोआप बंद. त्याच्या लेखी आमचं राउटरही 'कमी लोड'च, त्यामुळे पहाटे इंटरनेट बंद. मुलगा दापोलीत राहून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो, त्याची कधी कधी पहाटेची शिफ्ट असते. घरात काय झालं असेल ते समजून घ्या.

बाकी लोडचं सांगायचं तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीस वॉट, राउटर, दोन एलईडी बल्ब, एवढ्यावर बारा-तेरा तास निघतात. साधा जुना पंखा असेल तर तो एकटाच सत्तर-पंचाहत्तर घेतो. बॅटरीचा आकार वाढवण्याआधी पंखे बदला, कितीतरी स्वस्तात पडेल. आमचा सिंगल डोअर फ्रिज कॉम्प्रेसर सुरू होताना धक्का मारतो, तो धक्का हा डबा मुकाट सोसतो. विहिरीवरचा एक एचपीचा पंप मात्र नाही. सुरू होताना त्याला काही पट करंट लागतो, लगेच ओव्हरलोडची खूण. मिक्सर चालतो. एकदा गावभर अंधार असताना आमच्याकडे ओल्या खोबऱ्याचं वाटण चाललं होतं, तो आवाज ऐकून शेजारच्या काकू स्वतःच्या घरातली बटणं दाबून बघत होत्या. लाईट आली वाटलं त्यांना.

इथपर्यंतचा मजकूर पहिल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लिहून ठेवला होता, शेवटी 'घेऊ नका' असं वाक्यही होतं. ते काढलं, कारण जुलैत तीन दिवस लाईट गेली. आमच्या फीडरवर, म्हणजे गावाकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर, दोन ठिकाणी झाडं पडलेली, दापोली शहरात मात्र लाईट होती. मेव्हणा तिथेच राहतो. युनिट गाडीत टाकलं, त्याच्याकडे लावलं, चहा-पोहे, थोडं राजकारण, बाजारातून भाजी. दीड तासात शून्यापासून शंभर! परत येऊन फ्रिज लावला. रोज एक फेरी. फ्रिजमध्ये आईचं इन्शुलिन असतं, त्यामुळे ही गंमत नव्हती. ट्यूब्युलर बॅटरी हे काम करूच शकत नाही: तिला उचलायला माणसं लागतात आणि भरायला दहा-बारा तास. मेव्हण्याने बिलाचे बारा रुपये मागितले, मी त्याला फणस दिला.

तर मत असं झालं होतं की यंत्र खादाड असलं तरी कामाचं आहे. आणि मग गणपतीच्या तोंडावर त्याने चार्जिंगच सोडलं.

भिंतीच्या सॉकेटला लावलं की टक, चार्जिंग सुरू, अकराशे वॉट दाखवतं, पाच-सात सेकंदांत परत टक, बंद. मग पुन्हा टक. रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला तो रिलेचा (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा) आवाज चांगलाच ऐकू येतो. कस्टमर केअरने आधी व्हिडिओ मागितला, मग बिल, मग सीरियल नंबरचा फोटो, मग पुन्हा व्हिडिओ, 'लाइट व्यवस्थित असेल असा'. शेवटी म्हणाले, मूळ पॅकिंगमध्ये घालून सर्व्हिस सेंटरला पाठवा. खोकं, थर्माकोल, पिशव्या सगळं माळ्यावर जपून ठेवलेलं होतं, मी असली गोष्ट टाकत नाही. पण पाठवणार कसं? त्यांचा पिकअप आमच्या पिनकोडला येत नाही. गावातल्या कुरिअरवाल्याने खोक्यावरची लिथियमची खूण पाहिली आणि हात वर केले. यात त्याची चूक नाही. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, विमानात प्रवासी सामानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते, विमान कंपनीची परवानगी घेऊन १६० पर्यंत. १०२४ चा प्रश्नच येत नाही. रस्त्याने नेणाऱ्यांनाही त्याचे वेगळे कागद लागतात, ते गावातल्या काउंटरवर कोणाकडे नसतात. पाच वर्षांच्या वॉरंटीच्या कार्डावर यातलं अवाक्षर नाही. घेण्याआधी एवढं विचाराच: बिघडलं तर माझ्या पिनकोडवरून घेऊन जाणार का? 'हो' म्हणाले तर ईमेलवर लिहून घ्या.

पुण्याला एका साखरपुड्याला जायचंच होतं, तेव्हा स्वतः घेऊन गेलो. तिथे त्यांनी लावलं आणि ते शहाण्या बाळासारखं चार्ज झालं. ठेवून घेतलं, दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली, मग कागद आला: 'नो फॉल्ट फाउंड'. घरी आणलं, सॉकेटला लावलं. टक.

उलगडा केला तो आमच्या गावच्या वायरमनने. मीटरचं काहीतरी बघायला आला होता, आवाज ऐकून त्याने खिशातून मल्टीमीटर काढला. युनिट न लावता सॉकेटवर २०४ व्होल्ट. युनिट लावलं, अकराशे वॉट ओढायला लागलं, १८६. टक. सुटलं, पुन्हा २०४. "काका, तुमचं घर लायनीच्या शेपटीला. हे एवढा करंट मागतंय, तारेतच व्होल्टेज पडतंय, मग हेच घाबरून सोडतंय." नियमाप्रमाणे २३० च्या सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे २१६ च्या खाली जाऊच नये, पण कोकणातल्या वाडीत संध्याकाळी कोणी हा हट्ट धरत नाही. ज्या महिन्यात घरोघरी पंप आणि गिझर चालू, त्या महिन्यात हा प्रकार. उन्हाळ्यात घेतलं तेव्हा दिसलं नाही ते यामुळे.

उपाय फुकट निघाला. अ‍ॅपमध्ये चार्जिंगचा वेग अकराशेवरून तीनशे वॉटवर आणायचा. व्होल्टेज दोनशेच्या जवळ टिकतं, टकटक बंद, यंत्रातल्या पंख्याची घरघरही जवळपास थांबते. चार तास लागतात, लागू देत. कस्टमर केअरच्या एकाही माणसाने 'तुमच्याकडे व्होल्टेज किती आहे?' हा प्रश्न विचारला नव्हता. मॅन्युअलमध्ये नुसतं २२०-२४० छापलेलं आहे, किती खाली गेलं तर तोडतं हे नाही. आपल्याकडच्या साध्या इन्व्हर्टरवर मागे एक बटण असतं, त्याने शंभर-एकशे दहा व्होल्टपर्यंतही तो चार्जिंग सोडत नाही. त्या लोकांना आपल्या लायनी माहीत आहेत. एवढ्या कमी व्होल्टेजला फ्रिजचं भलं होत नाही, ते वेगळं, पण बॅटरी भरत राहते.

तोच वायरमन जाता जाता एक गोष्ट बजावून गेला, ती इथे लिहितोच, कारण या डब्याने सगळं घर चालवायला अनेकजण 'दोन्ही टोकांना प्लग' असलेली वायर करून देतात. ती करू नका. मेन बंद करायला एकदा विसरलात तर तुमच्या डब्याचा करंट बाहेरच्या तारेत जातो, ट्रान्सफॉर्मरवरून उलटा चढून वर जातो आणि खांबावर काम करणारा माणूस समजतो की लाईन मेलेली आहे. चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाईन किंवा डबा, एकच जोडणारा) बसवा, नाहीतर आमच्यासारखी एक्स्टेन्शन बोर्डावर कामं चालवा. डब्याच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर दोन्ही भोकांत मंद उजेड दिसतो, त्याने गोंधळू नका. त्याचा न्यूट्रल जमिनीला बांधलेला नसतो म्हणून तसं होतं.

सोलरबद्दल थोडक्यात. शेजाऱ्यांनी पीएम सूर्यघरमधून तीन किलोवॉट बसवलं, ७८,००० सबसिडी मिळाली, बिल जवळपास गेलं. पण लाईट गेली की त्यांचं सोलरही बंद, भर दुपारी सुद्धा. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लायनीत करंट सोडू नये म्हणून तसाच बनवलेला असतो. बिलासाठी ते आणि अंधारासाठी हे, दोन्ही वेगळी प्रकरणं. या डब्याला थेट पॅनेल जोडता येतं, आमच्या मॉडेलला ६० व्होल्टपर्यंत. मोठ्या पॅनेलचं ओपन सर्किट (काहीही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज एकट्याचंच पन्नासच्या घरात असतं, त्यामुळे दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली की यंत्राचा निकाल. पॅरलल करा. आणि लाईट जाते ती आषाढात, तेव्हा पॅनेल ढगांकडे बघत बसतं.

सेलचं आयुष्य तीन हजार सायकल लिहिलंय, सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामं होणं. वर्षाला पन्नास धरल्या तर साठ वर्षं. तोवर मी नाही आणि आतला सर्किट बोर्डही नाही. त्यामुळे सायकलींच्या आकड्यावर जास्तीचे पैसे टाकू नका, खाऱ्या हवेत आधी बोर्ड आणि पंखाच जाणार. डब्याला आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासून बचावाचं) नाही, जाळीतून मुंग्या जातात, पालही जाईल. स्टुलावर ठेवा, झाकून चालवू नका. दोन पैसे वाचवायला बाहेरून कोणी आणून देत असेल तर बीआयएसची खूण बघा. खोक्यावर आयएस १६०४६ (अशा बॅटऱ्यांच्या सुरक्षेचं भारतीय मानक) नसेल तर राहू दे.

मग वाढप्याचं काय? ते प्रकरण मिटलं, कंपनीच्या कृपेने नव्हे. एसी चालूच करायचं नाही. डब्याला गाडीतल्यासारखं १२ व्होल्टचं सॉकेट असतं आणि आमच्या राउटरचा अ‍ॅडॉप्टरही १२ व्होल्ट, १ अँपिअरचा. मोठा इन्व्हर्टर झोपलेला राहतो, यंत्र स्वतःला दोन-तीन वॉट घेतं आणि राउटर तीन दिवस चालतं. केबल शंभर-दीडशेची. ती घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवर १२ लिहिलंय की ९ ते वाचा, पिन साडेपाच मिलिमीटरची आहे का बघा, आणि लावण्यापूर्वी मल्टीमीटरने मधला भाग प्लस असल्याची खात्री करा. मुलाने खात्री न करता मोठ्या उत्साहाने लावली होती, तो फायबरचा राउटर नवीन घ्यावा लागला.