व्याख्यान रेकॉर्ड झालं, आता ते लोकांपर्यंत कसं न्यायचं?

चुलीपुढं बसून भाकरी थापणाऱ्या एका मावशींनी मला रेकॉर्डिंग ऐकायची युक्ती शिकवली. मोबाईल रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवायचा, आवाज घरभर घुमतो. त्या संध्याकाळी पातेल्यातून व्याख्यान चालू होतं ते संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणावर. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता असा विरोध आपण किती दिवस चालू ठेवणार, हा बाबासाहेबांचा सवाल वक्ते उलगडून सांगत होते. मावशींचे दोन्ही हात पिठात. तव्यावरची भाकरी उलटताना त्या म्हणाल्या, "हे मागल्या खेपेला राहिलं होतं बघा ऐकायचं."

माणदेशात आमचं एक छोटं मंडळ आहे. दरवर्षी १४ एप्रिल आणि २६ नोव्हेंबरच्या आगेमागे आम्ही व्याख्यानं ठेवतो आणि रेकॉर्ड करतो. बाकीच्या तालुक्यांतूनही आता विचारणा होते: "आमच्याकडे दहा-बारा रेकॉर्डिंग पडून आहेत. यूट्यूबवर टाकावीत, व्हॉट्सअॅपवर सोडावीत, की मेमरी कार्डं भरून वाटावीत?" वर्गणीतून चालणाऱ्या मंडळाला सगळं काही जमत नाही, कुठं तरी जोर लावावा लागतो. हा आढावा त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट तपासा. रेकॉर्डिंग फक्त कानांनी ऐकून समजतं का? सभागृहाच्या मागं ट्रायपॉडवर लावलेल्या मोबाईलमध्ये वक्त्यापेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घ्या, शिवाय वक्त्याला वेगळा कॉलर माइक लावा. एक फसला तर दुसरा असतो. चित्र हललेलं चालतं, आवाज फाटला की माणूस दुसऱ्या मिनिटाला उठून जातो.

यूट्यूब

बहुतेक मंडळं इथंच सुरुवात करतात, आणि तसं करण्यात चूक नाही. पैसे लागत नाहीत. मोबाईल नंबर पडताळून घेतला नाही तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. पडताळणी झाली की १२ तासांपर्यंतचा चढतो. खालच्या वर्णनात ००:०० पासून वेळा लिहून मुद्दे टाकले की ऐकणारा हव्या त्या मुद्द्यावर थेट जातो. दोन तासांच्या व्याख्यानाला हे काम जरूर करा, फार कमी जण करतात. परगावचा विद्यार्थी, पत्रकार, निबंधासाठी शोधणारी मुलगी यांना व्याख्यान सापडतं ते इथंच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. कॉ. गोविंद पानसरे कोल्हापुरात झालेल्या गोळीबारानंतर २० फेब्रुवारी २०१५ ला गेले. ज्यांनी त्यांना कधी समोर पाहिलं नाही अशी आजची पोरं त्यांचं बोलणं ऐकतात ती अशाच साठवलेल्या रेकॉर्डिंगमधून.

पण मावशींच्या पातेल्याकडे परत या. पैसे भरून प्रीमियम न घेतलेल्या माणसाच्या फोनवर स्क्रीन बंद केली की यूट्यूबचा आवाजही बंद होतो. म्हणजे तासभर स्क्रीन चालू ठेवायची, बॅटरी घालवायची आणि नुसत्या आवाजाला लागतो त्याच्या कितीतरी पट डेटा घालवायचा. भाकरी थापताना, द्राक्षबागेत विरळणी करताना, गाडीवरून कामाला जाताना ऐकणाऱ्याला हे परवडत नाही. आपल्या व्याख्यानांचा खरा श्रोता अनेकदा हाच असतो, हात कामात गुंतलेला. म्हणून माझं मत असं की यूट्यूब हे मंडळाचं कपाट आहे. कपाट लागतंच. पण कपाटात ठेवलं म्हणजे वाटलं, असा समज करून घेऊ नका. "लिंक टाकली" हे वाक्य आमच्या बैठकीत काम झाल्याची खूण म्हणून मी आता ऐकून घेत नाही.

व्हॉट्सअॅपवरचा ऑडिओ

आमच्या भागातले कितीतरी लोक गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी, देशभर पांगलेले आहेत. खानापूर, आटपाडी, माण, खटाव इथल्या घरटी कुणी ना कुणी तमिळनाडूत, केरळात, उत्तरेकडच्या शहरांत असतं. त्यांच्यापर्यंत मराठी व्याख्यान न्यायला व्हॉट्सअॅपला पर्याय नाही. भट्टीपुढं बसून कानात वायर घालून ते ऐकतात आणि गावाकडच्या ग्रुपवर प्रतिक्रियाही टाकतात.

इथं हिशेब आकाराचा असतो. बोलण्याचा आवाज मोनोमध्ये (एकाच चॅनेलवर) ६४ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट या दरानं, ठेवला तर तासाला साधारण २९ एमबी होतात, ३२ ला ठेवला तर १४-१५. बोलणं ३२ लाही समजतं. मध्ये शाहिरी किंवा गाणं असेल तर ६४ ठेवा. पण आकारापेक्षा लांबी महत्त्वाची. दीड तासाची फाईल लोक उघडतच नाहीत. तिचे १५-२० मिनिटांचे भाग करा आणि ते मुद्दा संपेल तिथं तोडा. घड्याळ बघून तोडलं तर वाक्य लटकत राहतं आणि पुढचा भाग कुणी मागत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला वक्त्याचं नाव, गाव, तारीख आणि "तीनपैकी दुसरा भाग" हे आपल्या आवाजात बोलून घ्या. फाईलचं नाव कुणीही बदलतं, आवाजातली ओळख तशीच राहते.

आता अडचण. अफवांमुळे माणसं मारली गेली त्या २०१८ सालापासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येतं. पाच किंवा अधिक हातांतून गेलेल्या संदेशाला दुहेरी बाण लागतो, आणि एप्रिल २०२० पासून तसा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही मर्यादा योग्यच आहे, पण तिला अफवा आणि व्याख्यान यातला फरक कळत नाही. यावर उपाय साधा आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी मूळ फाईल फोनमध्ये उतरवून ठेवावी आणि तिथून नव्यानं पाठवावी, आलेला संदेश पुढं ढकलू नये. आणि पाठवताना स्वतःच्या दोन ओळी लिहाव्यात: मी हे का ऐकलं, तू का ऐकावंस. सकाळच्या शंभर फुलांच्या गर्दीत त्या दोन ओळींवरच सगळं अवलंबून असतं.

दुसरा धोका कात्रीचा. लहान तुकडा कापायला सोपा असतो. वक्ता विरोधकाचं म्हणणं आधी मांडतो आणि मग खोडतो, तर पहिला अर्धा तेवढा फिरवता येतो. त्यावर उत्तर एकच: पूर्ण व्याख्यान कुठं तरी उघड, तारखेसह असलंच पाहिजे. कपाट हवं ते यासाठीही.

मेमरी कार्ड

मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत जवळचा. बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात गाणी भरून घेणारी पिढी अजून आहे, आणि बटणाचा फोन किंवा कार्ड लागणारा छोटा स्पीकर घराघरात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीच्या ट्रॅक्टरवर, मेंढपाळाच्या पालावर, रेंज नसलेल्या वस्तीवर हेच चालतं. ३२ जीबीच्या कार्डात ६४ केबीपीएसची हजार तासांहून जास्त व्याख्यानं मावतात. अर्थात हजार तास कुणाला देऊ नका. आम्ही पहिल्या खेपेला साठ फाईली भरल्या आणि कुठून सुरुवात करायची हेच कुणाला समजेना. आता बारा असतात, नावापुढं ०१, ०२ असे आकडे घालून, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते कळतं.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या आणि फॅट-३२ मध्ये (कार्डावर फाईली मांडायची जुनी पद्धत) फॉरमॅट करा. जुनी यंत्रं त्याहून मोठं कार्ड ओळखत नाहीत. स्वस्तातलं कार्ड घेताना आमची एकदा फसगत झाली. वर ३२ लिहिलेलं, आत जागा जेमतेम आठची. फाईलींची नावं दिसायची, वाजायच्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक खेपेतलं एक कार्ड काठोकाठ भरून, शेवटची फाईल वाजवून बघतो आणि मगच बाकीची घेतो.

कार्डाची मोठी उणीव म्हणजे पुढं काय झालं ते कळत नाही. किती जणांनी ऐकलं, कुठं बंद केलं, याचा आकडा कुठंच येत नाही. तो कळावा म्हणून जाऊन विचारावं लागतं. मला यात तोटा वाटत नाही, कारण त्या निमित्तानं कार्यकर्ता महिन्यातून एकदा त्या घरी जातो, जुनं कार्ड घेतो, नवीन देतो आणि चहा होईपर्यंत बोलतो. पण ज्या मंडळाकडे फिरणारी चार माणसं नाहीत त्यांनी कार्डांच्या फंदात पडू नये. ती ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

पुस्तिका आणि रेडिओ

बाबासाहेबांचं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे न झालेलं भाषण. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं त्यातल्या मजकुराला हरकत घेतली, अधिवेशन रद्द झालं, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं छापलं. १५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. त्यावर 'हरिजन' साप्ताहिकात टीका करताना गांधीजींनी किमतीचाही विषय काढला: आठ आणे ठेवलेत, दोन किंवा निदान चार ठेवायला हवे होते. छापील शब्द किती लांब जातो आणि तो कितीला मिळावा, हे दोन्ही प्रश्न या एका उदाहरणात आले. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढची गर्दी पाहिली की पुस्तिकेचे दिवस गेले असं कुणी म्हणणार नाही. ऐकू न येणाऱ्यांना तर छापील शब्दच उपयोगाचा. मात्र तासाभराच्या व्याख्यानाचे सहज सात हजार शब्द होतात. उतरवायचे, वक्त्याला दाखवायचे, दुरुस्त करायचे. वर्षातून एकच करा, पण नीट करा.

सामुदायिक रेडिओचं थोडक्यात सांगतो. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आमच्याच भागातली, अशा केंद्रांची पोच गावकुसापर्यंत असते. पण सामुदायिक रेडिओला राजकीय स्वरूपाचं काही प्रसारित करता येत नाही. शिक्षण, आरोग्य, पाणी, स्त्रियांचे हक्क यावरची व्याख्यानं घेऊन जरूर बोला. निवडणूक आणि सत्तेवरच्या व्याख्यानाला दुसरी वाट शोधा.

परवानगी, आणि आमची चूक

सभा आपण भरवली, मांडव आपला, माइक आपला, म्हणून रेकॉर्डिंगही आपलं असं धरून चालतात. कायदा तसा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा आहे, कार्यक्रम कुणीही घेतलेला असो. वक्ता हयात नसेल तर वारसांना विचारा, हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. व्याख्यानाआधी पाच ओळींच्या कागदावर सही घ्या: कुठं कुठं वाटणार, काटछाट करणार की नाही, पैसे घेणार की नाही. आजवर एकाही वक्त्यानं आम्हाला नकार दिलेला नाही. "आधी विचारलंत, बरं वाटलं," असंच म्हणतात.

वक्त्याला विचारलं, पण श्रोत्याला विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. एका व्याख्यानानंतर एका तरुणानं उभं राहून आपल्या गावातल्या स्मशानभूमीचा प्रश्न मांडला. कुणाला कुठं जाळू देतात, कुणाला नाही, नावानिशी. आम्ही प्रश्नोत्तरांसकट अख्खं रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं केलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना गावात बोलवून घेतलं गेलं. रेकॉर्डिंग काढून टाकलं, गावात जाऊन बसलो, प्रकरण निवळलं. पण मूळ चूक आमचीच. वक्ता भाषण करून एसटीनं परत जातो, प्रश्न विचारणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं. आता प्रश्नोत्तरं आम्ही वेगळी रेकॉर्ड करतो. विचारणाऱ्याची परवानगी नसेल तर त्याचा प्रश्न सूत्रसंचालकाच्या आवाजात, गावाचं नाव गाळून घेतो. मार्ग निवडतानाही हे लक्षात ठेवा. खुल्या व्हिडिओत माणूस चेहऱ्यासकट जगापुढं येतो. कार्डावरची ध्वनिफीत ओळखीच्या हातांतूनच फिरते, तरी ती मागं घेता येत नाही.

मी कसं ठरवेन

तुमचे श्रोते कॉलेजची मुलं, शिक्षक, शहरातले वाचक असतील तर यूट्यूब, मुद्द्यांच्या वेळांसह, आणि वर्षाला एक पुस्तिका. गाव सोडून पांगलेली माणसं असतील तर व्हॉट्सअॅप, लहान भागांत. शेतमजूर, बचत गटातल्या बाया, तोडणीच्या टोळ्या असतील आणि तुमच्याकडे फिरणारी माणसं असतील तर कार्ड. दोनच गोष्टी करायची ताकद असेल तर कपाट एक आणि हातोहात वाटायचा मार्ग एक. दोन्ही कपाटं नकोत. मूळ, आकार कमी न केलेली फाईल मात्र दोन वेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. तिथं पैसे पडत नाहीत आणि कुणालाही फाईल थेट उतरवून घेता येते. तेवढ्यावरच विसंबू नका, कारण ते संकेतस्थळ भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये काही काळ अडवलं गेलं होतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर काही दिवस बंद होतं.

आणि मार्ग कोणताही घ्या, महिन्यातून एकदा एकत्र बसून ऐका. समाजमंदिरात, शाळेच्या ओट्यावर, कुणाच्या पडवीत. वीस मिनिटांचा एकच भाग लावायचा, स्पीकर बंद करायचा आणि गप्प राहायचं. पहिल्या बैठकीत आम्हाला वाटलं कुणी बोलणारच नाही. मग मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी ऊसतोडीआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेचा, म्हणजे उचलीचा, विषय काढला, "मत सगळ्यांचं एकसारखं म्हणता, तर मग मुकादम आमच्या जोडीची उचल माझ्या मालकाच्याच हातात का देतो?" त्या रात्री दुसरा भाग लावायला वेळच उरला नाही.