नेस्कोचं प्रदर्शन: ठाण्याला उतरायचं की दादरला, राम मंदिर की गोरेगाव?

मुंबईत गोरेगाव पूर्वेला नेस्कोचं प्रदर्शन केंद्र आहे. तिथे पॅकेजिंग, प्लास्टिक किंवा यंत्रसामग्रीचं मोठं प्रदर्शन लागलं की मराठवाड्यातल्या वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर इथले कारखानदार आणि व्यापारी निघतात. बहुतेकांचा बेत एकच असतो: रात्रीची गाडी, दिवसभर हॉल पालथे घालायचे आणि रात्रीच्याच गाडीने परत. अडचण एवढीच की आपल्या गाड्या मध्य रेल्वेने येतात आणि नेस्को पश्चिम रेल्वेवर आहे. देवगिरी असो, नंदिग्राम असो की लातूर एक्सप्रेस, कुठेतरी लाइन बदलावीच लागते.

जनशताब्दी आणि वंदे भारत या दिवसाच्या गाड्या एका दिवसात जाऊन येण्यासाठी उपयोगाच्या नाहीत. त्या मुंबईत पोचेपर्यंत दुपार होते. मुक्काम असेल तरच त्यांचा विचार करा.

दादर की ठाणे

नकाशा बघितला तर ठाणे जवळचं वाटतं. ठाण्याला उतरायचं, लोकलने घाटकोपर गाठायचं, तिथून मेट्रो 1 ने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन. तिथे बाहेरच्या पुलावरून चालत गुंदवली स्टेशनात जायचं आणि मेट्रो 7 पकडायची. मोगरा, जोगेश्वरी पूर्व, मग तिसरं स्टेशन गोरेगाव पूर्व. हे स्टेशन पश्चिम द्रुतगती महामार्गावरच (वेस्टर्न एक्सप्रेस हायवे) असल्याने नेस्को चालत गाठता येतं. गुंदवली ते आरे हा टप्पा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. त्याआधी मुंबईला येऊन गेलेल्यांना हा रस्ता माहीत नसतो.

तरीही सकाळी आठ ते अकरा या वेळेत या रस्त्याने जाऊ नका. त्या वेळी ठाण्याहून मुंबईकडे निघालेली सगळी नोकरदार मंडळी तुमच्याच दिशेने चाललेली असतात. घाटकोपरला लोकलमधून उतरणं जितकं अवघड, तितकंच मेट्रोत चढणं. शिवाय प्रत्येक बॅग एक्स-रे मशीनमधून जाते. सुट्या भागांचे नमुने किंवा धारदार अवजारं सोबत असतील तर तिथे थांबवून विचारपूस होते, धारदार वस्तू तर नेऊच देत नाहीत.

दादरचं उलट आहे. अंतर जास्त, पण आपल्याच गाडीत बसून थेट दादरला येता येतं. पुढचा दादर ते गोरेगाव हा प्रवास सकाळच्या मुख्य गर्दीच्या विरुद्ध दिशेने होतो. विरार-बोरिवलीचा लोंढा दक्षिणेकडे येत असताना तुम्ही उत्तरेकडे जाता. अंधेरीपर्यंत डबा भरलेला असतो, पण निदान चढता येतं. संध्याकाळीही तसंच: लोक घराकडे बोरिवली-विरारला निघतात, तुम्ही दादरला येता.

गाडी वेळेवर येऊन सात वाजायच्या आत ठाणं आलं, तर दोन्ही रस्ते सारखेच. फरक पडतो तो गाडी तास-दीड तास उशिरा धावली की, आणि हे नेहमीच घडतं. म्हणून एकट्या, खांद्यावर बॅग घेतलेल्या माणसाने दादरच धरावं. गुडघे दुखत असतील, दादरचा पूल चढवत नसेल, तर गर्दी ओसरल्यावर मेट्रो बरी. तिथे लिफ्ट आणि सरकते जिने आहेत.

दादरला उतरल्यावर

दादरला डिसेंबर 2023 पासून प्लॅटफॉर्मचे नंबर सलग झाले आहेत: 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे, 8 ते 14 मध्य रेल्वेचे. आधीच्या सवयीने कोणी जुना नंबर सांगितला तर तुम्ही भलतीकडे जाल. बोरिवलीकडची स्लो (प्रत्येक स्टेशनला थांबणारी) लोकल 1 नंबरवर लागते, म्हणजे मध्य रेल्वेकडून पूल अगदी शेवटपर्यंत ओलांडायचा. तरी चढण्याआधी इंडिकेटर बघाच.

तिकीट वेगळं काढायचं. दादरपर्यंतचं एक्सप्रेसचं तिकीट पश्चिम रेल्वेच्या लोकलला चालत नाही. साध्या दुसऱ्या वर्गाचं भाडं 10 रुपये. बाहेरगावची माणसं दोन ठिकाणी फसतात. घाईत पहिल्या वर्गाच्या डब्यात चढतात, किंवा आपोआप दारं मिटणाऱ्या एसी लोकलमध्ये साधं तिकीट घेऊन बसतात. टीसीने धरलं तर भाड्यावर किमान 250 रुपये दंड.

लोकल बोरिवली किंवा गोरेगाव स्लो असावी. ‘अंधेरी’ लिहिलेली अलीकडेच संपते आणि विरार फास्ट बहुतेक वेळा अंधेरीहून थेट बोरिवलीला निघून जाते.

राम मंदिर की गोरेगाव

राम मंदिर हे जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं स्टेशन डिसेंबर 2016 मध्ये सुरू झालं. नेस्कोला रेल्वेचं हेच स्टेशन जवळचं. पूर्वेला बाहेर पडायचं, आणि महामार्ग ओलांडायची गरज नाही, कारण नेस्को महामार्गाच्या रुळांकडच्या बाजूला, अंधेरीहून बोरिवलीकडे जाताना डाव्या हाताला आहे. हातात काही नसेल तर चालतच जा. मात्र इथे फास्ट लोकल थांबत नाहीत, आणि प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी रिक्षासाठी थांबावं लागतं.

गोरेगाव थोडं लांब पडतं, पण रिक्षा भरपूर, खायला-प्यायला भरपूर. बॅनर, स्टँडी, कॅटलॉगचे गठ्ठे असतील तर गोरेगावलाच उतरा. बाकी सगळ्यांनी राम मंदिर.

नांदेड किंवा परभणीहून पनवेलच्या गाडीने येणाऱ्यांना हार्बर लाइन पडते. पनवेलहून थेट गोरेगावची लोकल मोजक्या वेळांनाच असते. एरवी वडाळा रोडला उतरून गोरेगावची हार्बर लोकल पकडायची. ती राम मंदिरला थांबते. वेळ बराच जातो, पण दादरचा पूल टळतो.

चौघं आणि सामान

तीन-चार जण आणि खोकी असतील तर ठाण्याहून टॅक्सी करा, पण साडेसातच्या आत. पूर्व द्रुतगती महामार्ग, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग उजवीकडे वळलं की नेस्को जवळच. या लिंक रोडवर पवईच्या पट्ट्यात एकदा अडकलात की लोकलने गेलेला माणूस तुमच्या आधी हॉलमध्ये असतो. अवजड यंत्र ट्रान्सपोर्टनेच पाठवा, लोकलचा विचारही नको.

ट्रॅव्हल्सची बस ठाणे-घोडबंदरमार्गे बोरिवलीला येऊन दक्षिणेकडे जाते, त्यामुळे ती महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला सोडते. मधली जाळी चढून ओलांडू नका. मेट्रो स्टेशनच्या पुलावरून या.

परतताना

देवगिरी आणि लातूर एक्सप्रेस मुंबईहून रात्री नऊच्या सुमारास सुटतात. नेस्कोतून सातपर्यंत बाहेर पडा आणि दादरच धरा. संध्याकाळी टॅक्सीने ठाणे गाठायच्या नादात गाडी चुकते, कारण तोच लिंक रोड सकाळपेक्षा जास्त तुंबतो. दादरला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून डबा कुठे येतो ते इंडिकेटरवर आधी बघून तिथेच उभे राहा. सामान जास्त असेल तर राम मंदिरहून किंवा गोरेगावहून हार्बर लोकलने सरळ सीएसएमटीला जा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे निवांत चढता येतं.