अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं 'जोलीन' हे गाणं, एकदा तरी नीट ऐकाच
कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत, म्हणजे नुसत्या टोप्या आणि घोडे असं वाटत असेल ना तर हे लावा. 1973 चं सिंगल (सुटं काढलेलं गाणं), डॉलीने स्वतः लिहिलेलं, 1974 मध्ये अमेरिकेच्या कंट्री चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, एक नंबरला होतं. सुरुवातीची गिटारच अशी धावते की नाशिकच्या गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पण कान तिकडेच. आणि विषय बघा, नवरा हातचा जाईल म्हणून बाई त्या दुसरीशी, म्हणजे जोलीनशी, भांडत नाही, उलट तिच्या रूपाचं कौतुक करत विनवते की नको गं नेऊस त्याला, जात्यावरची ओवी ऐकल्यासारखं पोटात कालवतं राव. जेमतेम पावणेतीन मिनिटं, पण आवाजातला तो कंप! नाशिकच्या कॅफेवाल्यांनो, तेच ते रिमिक्स सोडा आणि हे वाजवा.